खिंडीत हरवलेला ब्रेक

१

बाजाराच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, आमची मोटार कामशेतच्या खिंडीखाली भाताच्या खाचरात नाक खुपसून उभी होती. एक दिवा फुटलेला, मडगार्डावर कापणीला आलेला भात लोळत पडलेला, आणि आंबीची कस्तुराबाई बांधावर बसून, मोडलेला हात मांडीवर धरून ओरडत होती. तिच्या तोंडाला काही झालेलं नाही, एवढं मला लांबूनच कळलं. बाकीचे चार उतारू खरचटण्यावर सुटले होते.

गाडीपाशी आमचा ड्रायव्हर कोंडू उभा होता. ठाकरवाडीच्या भागूबाईचा मुलगा. त्या वाडीतला मोटारीचं चाक धरणारा पहिला माणूस, आणि ते चाक त्याला मी धरायला दिलं होतं. तेव्हा लोक म्हणाले, "झुंबरबाई, ठाकराच्या हातात मोटार?" मी म्हणाले, "तुमच्या हातात तर बैल ऱ्हात न्हाई."

मी कोण, ते सांगून टाकते. कामशेत स्टेशनाजवळ माझा गोटी सोड्याचा कारखाना. शाळा दोन यत्ता. मालक गेल्यावर सोड्याचं मशीन मी चालवलं, मुलगा महिपती वाढवला, आणि दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी जुनी अमेरिकन मोटार घेतली. लोणावळा ते सोमाटणे उतारू न्यायचे. खंडेनवमीला मशीनची आणि मोटारीची पूजा एकाच ताम्हनातून. दोघींचं तेलपाणी त्या दिवशी माझ्या हातानं. मोटार खाचरात गेली ती त्यानंतर पंधरा दिवसांनी.

"काय रं झालं?" मी विचारलं.

"मावशी, खिंड उतरताना ब्रेक दाबला तर पाय पार तळाला गेला. खाली काय न्हाईच जणू. हातब्रेक वडला, तरी थांबंना. फुडं पुलाचा कठडा दिसला, म्हून खाचरात घातली."

त्याच रस्त्यावर दुसरी मोटार चालते हौशीरामाची. तो आमच्या आधी पोचला होता, आणि मयताला आल्यासारखा चेहरा करून उभा होता. "वैनी, जरा जवळ जा त्याच्या. वास घ्या."

मी गेले. कोंडूच्या कपड्यांना वास येत होता. उग्र, नाकात चढणारा.

भर रस्त्यात, बाजारातून परतणाऱ्या लोकांसमोर मी त्याला नको ते बोलले. त्याच्या आईलाही सोडलं नाही. "भागूबाईनं वळण लावलं आसतं, तर ही वेळ आली न्हसती," असं म्हणाले. कोंडूनं मान खाली घातली नाही, एवढंच मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी बैलांनी ओढून मोटार लोणावळ्याला सोपान मिस्त्रीच्या शेडमध्ये नेली. फौजदार साहेबांनी तिथं जाऊन स्वतः ब्रेकवर पाय ठेवला.

पाय तळाला गेला नाही. ब्रेक दगडासारखा घट्ट होता.

२

"ब्रेकचं भांडं काठोकाठ भरलेलं आहे, बाई," फौजदार चौकीत मला म्हणाले. "चारी चाकांपर्यंतच्या नळ्या शाबूत. कुठं थेंब गळलेला नाही. ब्रेक लागतो. मग उरलं काय? ब्रेक ज्यानं लावला नाही तो माणूस. हौशीरामनं दारूच्या वासाचा जबाब दिलाय. कोंडूचं लायसन आणि बिल्ला माझ्याकडे जप्त आहे. सोमवारी कागद पुण्याला जातील. त्यानंतर तो जन्मात चाकाला हात लावणार नाही, आणि वर तुरुंग होईल तो वेगळा."

त्या दिवशी होता शनिवार.

खरं सांगायचं तर मी घरी आले ती कोंडूची कीव करत नव्हे. मला राग आला होता. मी निवडलेला माणूस दारुडा निघाला, असं उद्या सगळं मावळ म्हणणार. माझी पारख चुकली म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती आजवर.

कारखान्यात पाऊल टाकते तर भागूबाई येऊन उभी. काखेत गाठोडं. बसली नाही, पाणी घेतलं नाही. गाठोडं माझ्या सोड्याच्या टेबलावर आपटलं.

"झुंबरबाय, माज्या वळनाचं काडलंस न्हवं चार लोकांत? मंग घे, हुंग."

आत कोंडूची विजार होती आणि पत्र्याचा एक लहान टिन.

"बाई, मी काल हुंगलंय," मी म्हणाले.

"रागानं हुंगलंस. आता नाकानं हुंग."

असं माझ्याशी कुणी बोलत नाही. पण मी विजार उचलली. मांडीवर हाताएवढा डाग होता. दोन वेळा धुतला तरी तेलकट. बोटं चोळली तर चिकट लागली. वरचा उग्र वास उडून गेला होता आणि खालून दुसरा येत होता, ज्या वासाचं औषध आमच्या पिढीची पोरं नाक दाबून पीत आली.

"एरंडेल!" मी म्हणाले.

"दारूचा असा डाग पडतो व्हय?"

मी टिन उलटासुलटा करून पाहिला. ब्रेकच्या तेलाचा. कोंडू तो आपल्या सीटशेजारी ठेवायचा. बांधावर आपटल्यावर टिनाचा सांधा फाटला होता आणि तेल सगळं त्याच्या अंगावर. आतल्या थेंबाला वास तोच, एरंडेलाचा आणि स्पिरिटचा, जो लांबून दारूसारखाच येतो. म्हणजे दारूचा प्रश्न मिटला. हौशीरामाचं नाक खरं बोललं होतं, तोंड खोटं.

"भागूबाई, येवढ्यावर फौजदार सोडायचा न्हाई," मी म्हणाले. "तो म्हनल, प्याला नसंल, पर ब्रेक दाबलाच न्हाई."

"माजा ल्योक म्हनतोय दाबला, तर दाबला."

ती गेली. मी टिन घेऊन बसले. तेव्हा दिसलं की वरच्या बुचावरची लाख जशीच्या तशी होती. कोंडूकडे वरून घालायला हाच एक टिन, आणि तो कुणी कधी उघडलाच नव्हता.

मग मोटारीतलं भांडं काठोकाठ भरलं कुणी?

३

पहिला संशय हौशीरामावर. आमची मोटार बंद पडली तर त्याच्या मोटारीत माणसं टपावर बसतील. मी रविवारी सकाळीच भाताच्या गिरणीपाशी त्याला गाठलं. चोराला चोर म्हटलं की तो मिटतो. मी उलट बाजूनं गेले.

"हौशीराम, लोक म्हंत्यात पैला तू धावलास. मानलं बाबा."

तो फुलला. "धावणार न्हाई तर! वैनी, भांडण रस्त्यावरचं. माणूस मरताना का भांडायचं? कस्तुराबाईला मीच बाहेर काडली. मंग गाडी मागं रेटावी म्हून चाकाला हात घातला, तर ह्ये बगा."

त्यानं तळवा दाखवला. चार बोटांवर टपोरे फोड.

"ह्ये कशानं?"

"चाकानं! भाकरीचा तवा जणू. फुडची दोन तर लालबुंद व्हायची राहिली हुती."

"ह्ये फौजदाराला सांगितलंस?"

"त्यांनी वास इचारला. हाताचं कुटं इचारलं?"

मी त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "माझ्या मोटारीला कदी हात लावलास का?"

"वैनी, माझ्याच मोटारीखाली शिरताना माझं पोट आडवं येतं. तुमच्या कुटं शिरू?"

ते पोट पाहिल्यावर शंका उरली नाही. शिवाय वाईट करणारा माणूस आपला भाजलेला हात एवढ्या कौतुकानं दाखवत नाही.

तिथून कस्तुराबाईकडे गेले. ती कामशेतात लेकीकडे हात बांधून पडली होती. तिनं आधी माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. ती संपल्यावर मी विचारलं, "बाई, मोटार उतरताना तुला काय वेगळं वाटलं का?"

"उतरताना न्हाई, आदीपासनं! सोमाटण्यापासनं जळका वास येत हुता. मी म्हनलं ड्रायवरला, बाबा काय करपतंय? तो म्हनला, मावशी, गाडी आज जड चाललीय, उद्या मिस्त्रीला दावतो. सपाटीवरबी रडत चालली हुती बग, वल्या वाळूतनं गाडा वडावा तशी."

परतताना मी रस्त्यातच थांबले. फौजदार म्हणत होते, कोंडूनं ब्रेक दाबला नाही. पण न दाबलेल्या ब्रेकची चाकं तापतात कशानं? सोमाटण्यापासून कुणाचा पाय त्या ब्रेकवर होता?

घरी पोचताच मी महिपतीला हाक मारली. "चल. लोनावळ्याची गाडी गाठायचीय. ब्रेक हाय तरी काय, ह्येच आदी बगायचं."

४

सोपान मिस्त्री आधी रेल्वेच्या वर्कशॉपात होता. बोलणं कमी, हात काळे. मोटारीत तेल घालणारा माणूस तोच, म्हणून दुसरा संशय त्याच्यावर.

"सोपान, आमच्या ब्रेकात हलकं तेल घातलंस का रं?"

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "मावशी, गणपतीच्या आधी मी तेल घातलं. चांगलं, टिनातलं. आणि काठाखाली एक बोट सोडून. मी कधीच काठोकाठ भरत नाही. गरम झालं की तेल फुगतं, त्याला जागा लागते."

"फौजदार म्हनला काठोकाठ हाय."

"ते मलाही कळेना झालंय."

"मंग उघड. मला दाव."

"तुम्हाला?"

"का? सोडा भरनाऱ्या बाईला ह्ये समजत न्हाई व्हय?"

त्यानं ड्रायव्हरच्या पायाखालची फळी काढली. खाली बिडाचं ओबडधोबड यंत्र. वर तेलाचं भांडं, त्याला झाकण. खाली आडवी नळी. तिला तो मास्टर सिलिंडर म्हणाला.

"ब्रेकवर पाय दिला की या नळीत दट्ट्या पुढं सरकतो. दट्ट्याच्या तोंडाशी रबराची वाटी असते. ती तेल पुढं ढकलते. तेल बारीक नळ्यांतून चारी चाकांकडे जातं आणि तिथले जोडे, म्हणजे घासपट्ट्या, चाकाच्या ड्रमला आतून घासतात. चाक थांबतं. इथला जोर तिथं पोचतो, कारण तेल दाबून लहान होत नाही."

"पाण्यासारखं. बाटली नुसत्या पाण्यानं काठोकाठ भरली, तर गोटी आत ढकलता येत न्हाई. वायू आसला तरच दबती."

सोपाननं माझ्याकडे नीट पाहिलं. "बरोब्बर."

"आन् पाय काडला की?"

"दट्ट्या मागं येतो. नळीला वरून भांड्यात जाणारं सुईएवढं छिद्र आहे, ते मोकळं होतं. जादा तेल त्यातून भांड्यात परत जातं. ब्रेक सुटतो."

"आन् त्ये छिद्र बुजलं तर?"

सोपान घाईनं पाने घेऊन यंत्र सोडवायला लागला. महिपती म्हणाला, "आई, एवढं खोलायची गरज आहे का?" त्याला मी नजरेनंच बसवलं.

तासाभरानं सोपाननं नळीतून रबराची वाटी ओढून काढली. सहजी येईना. शेजारी त्यानं पेटीतली कोरी वाटी ठेवली. जुनी कोरीपेक्षा चांगली फुगलेली, कडा बाहेर वळलेल्या, बोटानं दाबली तर लोण्यासारखी मऊ.

"सुजलीय," सोपान म्हणाला. "ही मागं आली तरी छिद्रावरच बसून राहणार."

ते रबर मला ओळखीचं वाटलं. गोटी सोड्याच्या बाटलीच्या गळ्यात रबराची कडी असते. गोटी तिला टेकते म्हणून वायू कोंडून राहतो. पहिल्या वर्षी एका गड्यानं गोटी सरकावी म्हणून कड्यांना तेल चोपडलं होतं. आठ दिवसांत सगळ्या कड्या अशाच फुगल्या, आणि गोट्या गळ्यात अडकून बसल्या.

मग मला सगळं एका ओळीत दिसलं, आणि मी सोपानला बोटांवर मोजून सांगितलं. "छिद्र बुजलं. तेल परत जाईना. पाय काडला तरी ब्रेक थोडा लागलेलाच. म्हून गाडी जड चालली, म्हून जळका वास, म्हून हौशीरामाचा हात पोळला. चाकं तापली तशी चाकांपाशी तेल तापलं. त्यात स्पिरिट हाय न्हवं? त्याला उकळी फुटली. तेलाचा वायू झाला."

"आणि वायू दाबला जातो," सोपान म्हणाला. "पाय तळाला जातो, चाकापर्यंत जोर पोचतच नाही."

"रातभर गाडी गार झाली. वायूचं परत तेल झालं. सकाळी साहेबांनी पाय ठिवला, तर घट्ट!"

सोपाननं कपाळावर हात मारला, तिथं काळा पंजा उमटला. "मावशी, भांडं भरलेलं, नळ्या शाबूत, ब्रेक घट्ट, आणि तरीही पोरगा खरं बोलत होता. पण रबर सुजलं कशानं? एरंडेलानं सुजत नाही."

त्यानं भांड्यातलं तेल बशीत ओतलं. टिनातलं तेल पिवळसर असतं. हे काळपट होतं, वर निळी झाक. मी बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं.

हा वास मी वीस वर्षं रोज घेते. ते तेल माझ्या सोड्याच्या मशीनचं होतं.

५

"मशीनच्या तेलाचा डबा माझ्या कोनाड्यात," मी म्हणाले. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. "त्याला तीनच हात लागत्यात. महिपती, तू?"

"मी मोटारीचं झाकण ओळखतसुद्धा नाही, आई."

"कोंडूपाशी खऱ्या तेलाचा टिन हुता, लाख न फोडलेला. तो दुसरं कशाला घालील?"

राहिला तिसरा हात. तो मी पदराखाली घेतला.

खंडेनवमीच्या सकाळी कोंडूनं मोटार धुवायला काढली होती. पायाखालची फळी उचलून उन्हात ठेवली आणि तो फुलं आणायला गेला. मी ताम्हन घेऊन आले. मशीनला हळदकुंकू लावलं, चार थेंब तेल दिलं. मग मोटार. फळी काढलेल्या जागी एक झाकण दिसलं. उघडलं तर आत तेल, काठाखाली बोटभर. समईत तेल कमी दिसलं की मला चैन पडत नाही. सणाच्या दिवशी घरच्या लक्ष्मीचं भांडं बोटभर रितं? मी हातातल्या डब्यातलं तेल ओतलं. काठोकाठ. वर झाकणालाही कुंकू लावलं आणि नमस्कार केला. ज्या बाईनं रबराला तेल लावलं म्हणून गड्याला हाकलला होता, तिनंच. आत रबर आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी कुणाला विचारलं नव्हतं; विचारायची मला सवयच नव्हती.

महिपती माझ्याकडे बघत होता. पोरगं मनानं वाईट नाही, पण भित्रं. हळूच म्हणाला, "आई, तेल चुकीचं होतं एवढंच सांगू. कुणी घातलं ते माहीत नाही म्हणू. बाजारात मोटार उभी असते, कुणीही..."

"म्हंजी हौशीरामावर जाईल. न्हाईतर ह्या सोपानवर."

"पण गावात आपली..."

"गप. कालपर्यंत कोंडूवर ढकलत हुतो, आज आनखी कुनावर ढकलू? सोपान, त्या दोनी वाट्या घे. बशी घे. फौजदार जेवायच्या आत गाठायचा."

फौजदारांनी वाट्या पाहिल्या, बशीचा वास घेतला, सोपानचं सगळं दोनदा ऐकलं. शेवटी म्हणाले, "बाई, ड्रायव्हर सुटतो. पण तेल कुणी घातलं ते लिहिल्याशिवाय कागद पुरा होत नाही."

"ल्ह्या. झुंबरबाईनं घातलं. खंडेनवमीला, पूजा म्हून. ड्रायव्हर तितं नव्हता."

त्यांनी लेखणी थांबवली. "जखमी बाईनं दावा लावला तर तो तुमच्यावर येईल, ठाऊक आहे ना?"

"तिचा हात नीट होईस्तोवर तिची भाकरी माझ्या घरनं जाईल. दावा लावला तर उभी ऱ्हाईन. ल्ह्या तुमी."

सही मी स्वतः केली. अंगठा नाही. पाच अक्षरांना वेळ लागला आणि फौजदार तोपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले, ही त्यांची भलमनसाई. मग त्यांनी टेबलाच्या खणातून कोंडूचं लायसन आणि पितळी बिल्ला काढून माझ्यासमोर ठेवला. "मोटार दुरुस्त झाल्यावर मला दाखवायची. मग चालवू दे त्याला."

६

ठाकरवाडीला मोटार जात नाही. चढ पायी चढावा लागतो. एवढ्या वर्षांत मी तिथं कधी गेले नव्हते. कामाला माणसं माझ्याकडे यायची. माझा दम वर पोचेपर्यंत तीनदा संपला, आणि कुत्र्यांनी सगळ्या वाडीला वर्दी दिली. माणसं गोळा झाली. बरंच झालं. बोलले होते चार लोकांत, मागं घ्यायचंही चार लोकांतच होतं.

भागूबाई दारात नाचणी पाखडत होती. उठली नाही. कोंडू आतून बाहेर आला.

मी बिल्ला पुढं केला. "ब्रेक तुजा चुकला न्हाई. तेल मी घातलं हुतं. फौजदाराच्या कागदावर तसं ल्हिलंय, माज्या सहीनं."

कोंडूनं बिल्ला घेतला नाही. आईकडे बघितलं. माझ्या ध्यानात आलं, अजून एक राहिलंय. सोड्याच्या कारखान्यात तोंड चालवून आयुष्य काढलेली मी, पण ते चार शब्द तोंडातून निघेनात.

"भागूबाई," मी म्हणाले, "तुज्या वळनाचं मी जे बोलले, ते खोटं हुतं. तुजं पोरगं पाच मानसं वाचवून उभं हुतं आन् मी त्याला शिव्या दिल्या. चुकले मी."

सुपातली नाचणी दोनदा उडाली. मग भागूबाई म्हणाली, "बस. घामानं निथळलीस. कोंडू, पानी दे तिला." आणि मी पाणी पीत असताना पुटपुटली, "नाक मातुर चांगलं हाय तुजं."

कोंडूनं आता बिल्ला घेतला, सदऱ्याला घासून पुसला. "मावशी, मोटार नीट झाली की येतो. पर एक अट हाय."

माझ्यापुढं आजवर कुणी अट घातली नव्हती. महिपतीच्या बापानंही नाही.

"बोल."

"खंडेनवमीला कुंकू लावा, नारळ फोडा, काय बी करा. पर मोटारीचं कंचंबी झाकन मला इचारल्याबिगर उघडायचं न्हाई."

सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. कुणीतरी हसू दाबलं, ते मला ऐकू आलं.

"बरं," मी म्हणाले. "पर मंग आत काय काय आसतं, त्ये समदं मला शिकवायचं. येक येक."

"वराडायचं न्हाई शिकवताना."

"त्येचा शबुद न्हाई देत."

चार दिवसांनी सोपाननं नवी रबरं घातली, सगळ्या नळ्या स्पिरिटनं धुतल्या, भांड्यात चांगलं तेल भरलं, काठाखाली बोटभर. फौजदारांनी मोटार पाहून मान हलवली. पहिल्या खेपेला एकही उतारू चढेना. लोक लांब उभे राहून बघत होते. तेव्हा भागूबाई कुठूनशी आली, लुगडं सावरून कोंडूच्या शेजारी पुढं बसली. मी मागं बसले.

खिंडीचा उतार सुरू झाला तशी माझी मूठ सीटच्या दांड्यावर वळली. खाचराचा मोडलेला बांध दिसला. कोंडूनं पाय ठेवला. मोटार हळू झाली, आणखी हळू झाली, आणि उताराच्या मध्यावर गाईसारखी शांत उभी राहिली.

भागूबाईनं मागं वळून मला विचारलं, "बास? येवडंच आसतंय व्हय?"

"येवडंच," मी म्हणाले.

"मंग थांबला कशाला? चल की रं," ती लेकाला म्हणाली, आणि आम्ही कामशेतात उतरलो. स्टेशनासमोर सात माणसं गाठोडी घेऊन लोणावळ्याला जायला उभी होती.